एक नीट फोटो

रविवार, १ जून

कॅरिबियनची सहल रद्द झाली.

सकाळी चहाच्या वेळी रूपेशने सांगितलं. एरवी आमचा मुलगा तोंडाकडे बघून बोलतो, आज मोबाइलकडे बघून बोलला. "बाबा, इतका लांबचा विमानप्रवास आत्ता नको. इथूनच एक क्रूझ निघते. पेनांग, फुकेत आणि परत. चार रात्री. चांगलं मोठं जहाज आहे."

मी म्हटलं, "अमेरिकेचा व्हिसासुद्धा झालाय. रुचिराने जानेवारीपासून तिकिटं बघितलीत. मग आता काय झालं?"

रुचिरा, आमची सूनबाई, उठून ओट्याकडे गेली. रूपेश म्हणाला, "ऑफिसचं जरा आहे." त्याचं ऑफिस रॅफल्स प्लेसला, बँका-कंपन्यांच्या गर्दीत. तिथे वर्षाचे बारा महिने काहीतरी 'जरा' असतंच.

माझी बायको कुमुद पोळीला तूप लावत होती. तिला वाईट वाटलं असेल म्हणून पाहिलं, तर ती आपली शांत. "समुद्र तोच ना? मग झालं तर. तुम्ही फोटो काढा भरपूर."

हौगांगच्या ह्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या ब्लॉकच्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. दिवसभर त्यांच्याकडे बघत बसलो. एकोणऐंशी साली बोटीवर नोकरीला असताना कॅरिबियनमधल्या ब्रिजटाऊन बंदरातून कुमुदला पत्र लिहिलं होतं, की हा समुद्र तुला एकदा दाखवीन. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. आता मी शहात्तर, ती बाहत्तर. शब्द दिला की तो पाळायचा, असं शिकवलेल्या शाळेत मी शिकलो. पण पाळायला इतका वेळ लागला तर त्याला काय म्हणायचं, ते तिथे शिकवलं नव्हतं.

म्हणून ही वही सुरू करतो आहे. कॅरिबियन नाही तर नाही. जे मिळेल ते नीट टिपायचं.

गुरुवार, ५ जून

आज कॅमेरा घेतला. सिटी हॉलजवळच्या एका दुकानातून, वापरलेला, पण काच निर्दोष आहे. माझी अकरा वर्षांची नात चैत्राली बरोबर होती. तिने मला सगळी बटणं शिकवली आणि शेवटी इथल्या पोरांसारखं 'लाह' जोडून म्हणाली, "आजोबा, ऑटोवर ठेव, डोन्ट बी अ हीरो लाह."

मी तिला माझा नियम सांगितला. देखाव्यात माणूस नको. आमच्या फलटणच्या शाळेत कवितेच्या तासाला गुरुजी डोळे मिटायला लावत. "ओळ म्हणा आणि काय दिसतं ते बघा." मला रिकामा समुद्र दिसे, रिकामी टेकडी, रिकामं आभाळ. समुद्र तर मी तोवर पाहिलेलाही नव्हता. त्या आभाळात कधी कुणी माणूस आला नाही. कविता तशीच मोठी वाटते.

कुमुद मागे येऊन उभी राहिली होती. "अहो, माझा एक नीट फोटो काढाल का?"

"आहेत की ढीगभर. रूपेशच्या लग्नातले."

"त्यात घोळक्यात आहे मी. एकटीचा एकही नाही."

"पासपोर्टचा?"

"त्यात मी कुठून तरी पकडून आणल्यासारखी दिसते."

मग तिने निशिगंधाचा विषय काढला. निशिगंधा म्हणजे तिची धाकटी बहीण, तीन वर्षांपूर्वी गेली. ऐन वेळी फोटो सापडेना, म्हणून घरच्यांनी कुठल्याशा लग्नातल्या ग्रुपमधून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. सोलापूरच्या घरात आता भिंतीवर हार घातलेली निशिगंधा आहे आणि तिच्या खांद्यावर एक परका हात आहे, अंगठी घातलेला. "मी बाराव्याला गेले होते ना, तर सारखी त्या हाताकडेच नजर जात होती. कुणाचा असेल हो?"

"हे काय आत्ता मध्येच," मी म्हटलं. "क्रूझवर काढू. तिथे उजेड चांगला असतो."

"विसरू नका म्हणजे झालं."

बायकांच्या डोक्यात कुठून काय येईल सांगता येत नाही. संध्याकाळी ती आणि रुचिरा शिंप्याकडे गेल्या, ब्लाउज घट्ट करून आणायला. सगळेच सैल झालेत म्हणे. ॲसिडिटीमुळे तिचं जेवण कमी झालं आहे. त्यासाठी रुचिरा तिला महिनाभरात तिसऱ्यांदा हॉस्पिटलात घेऊन गेली. आजकालचे डॉक्टर साध्या ॲसिडिटीलाही किती खेपा घालायला लावतात.

रविवार, ८ जून

सरावासाठी पुलाउ उबीन बेटावर गेलो, सगळेच. चांगीहून लाकडी बोट निघते, बारा माणसं जमली की. बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून मी तिसऱ्या मिनिटाला सांगितलं, एक इंजेक्टर गेलाय. बोटवाला चिनी म्हातारा हसला. अठ्ठावीस वर्षं जहाजांच्या पोटात काढली आणि पुढची बारा इथल्या शिपयार्डात. कानांना दुसरं काही येतच नाही.

पोरं सायकली घेऊन गेली. कुमुद जेट्टीजवळच्या बाकावर बसली. नेमक्या त्या बाकामागे खारफुटी होती आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब, असं की कुणी कवितेतूनच उचलून ठेवावं. मी म्हटलं, "जरा बाजूला सरकतेस? देखावा येऊ दे."

ती सरकली. बाकाच्या टोकाशी हात टेकून, सावकाश उठून, पलीकडच्या दगडावर जाऊन बसली. "आला देखावा?"

"आला."

"मग आता माझा?"

तेवढ्यात ऊन गेलं. मी सांगितलं, सपाट उजेडात चेहरा चांगला येत नाही. ती हसली. "माझा चेहरा उजेडाची वाट बघण्याइतका देखणा कधीपासून झाला?"

एकतीस फोटो निघाले. जुनी कौलारू घरं, नारळ, खारफुटी, बांधलेली होडी. चैत्रालीने घरी येऊन सगळे पाहिले. "आजोबा, आज्जी कुठेच नाही. नोबडी इज इन युअर वर्ल्ड." रूपेश तिला ओरडला. का ओरडला ते कळलं नाही. पोरीने चांगलं परीक्षण केलं होतं.

गुरुवार, १२ जून

कुमुदने आज मला कढी करायला लावली. स्वतः स्टुलावर बसून हुकूम. "आता बेसन. गुठळी होईल, हलवत राहा. गॅस बारीक." परवा वॉशिंग मशीनची बटणं शिकवली. काल बँकेची पासबुकं कुठल्या डब्यात आहेत ते दाखवलं. ह्या वयात ही परीक्षा कशाची, विचारलं, तर म्हणे, "सगळं रुचिरावर टाकायचं का?" बरोबर आहे. सुनेलाही नोकरी आहे.

कढी बरी झाली. तिने तीन चमचे घेतली.

सोमवार, १६ जून

जहाजावर.

काय लिहू आणि काय नको. दुपारी मरीना बेच्या धक्क्यावरून आत शिरलो तेव्हा माझे पाय आपोआप खाली जाणारा जिना शोधत होते. रूपेश हसला, "बाबा, वर. लिफ्टने. आपली केबिन नवव्या मजल्यावर."

केबिनला बाल्कनी आहे. जहाज धक्का सोडतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. खरंच पहिल्यांदा. इतकी वर्षं मी फक्त ऐकलं होतं. वरून घंटी येई, आम्ही मशीन सुरू करत असू, आणि चार तासांनी वर यावं तर जमीन नाहीशी झालेली. आज पाहिलं, की जमीन एकदम जात नाही. ती विचार करत करत जाते. आधी माणसं जातात, मग खिडक्या, मग इमारती, मग उरते एक करडी रेघ.

हे वाक्य मीच केलं. बरं आहे का? गुरुजींनी 'बरा प्रयत्न' असा शेरा दिला असता.

त्रेसष्ट फोटो काढले. कुमुद खुर्चीवर शाल घेऊन बसली होती. तिने मोतिया रंगाची साडी नेसली होती, मुद्दाम. ती दोनदा कठड्याशी येऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा मी तिला आत बोलावलं, कारण रेघ तुटत होती.

जहाजावर चढतानाच एक फिलिपिनो मुलगी सगळ्यांचे फोटो काढत होती, मागे खोटी लाट रंगवलेली आणि हातात द्यायला प्लास्टिकचं सुकाणू. हे फोटो नंतर एका मोठ्या भिंतीवर विकायला लावतात. मी म्हटलं, असल्या बाजारू गोष्टी नकोत. कुमुद मात्र त्या मुलीशी थांबून बराच वेळ बोलत होती, मोडक्या इंग्रजीत. काय बोलली ते सांगितलं नाही.

मंगळवार, १७ जून

पेनांग. पोरं गावात गेली. कुमुदला चालवेना, म्हणून आम्ही दोघं जहाजावरच राहिलो. डेकवर शुकशुकाट. मी एक गोष्ट कबूल करून टाकली. इथेही लिहून ठेवतो.

कुमुदला मी बोटीवरून जी पत्रं लिहिली, त्यांतले सूर्यास्त मी पाहिलेले नव्हते. इंजिन रूममध्ये पंचेचाळीस डिग्रीत घाम पुसत चार ते आठची पाळी केली की सूर्य माझ्याशिवायच मावळलेला असे. मग बंकवर पडून मी शाळेतली समुद्राची कविता आठवायचो आणि तिच्या ओळी गद्यात उलगडून कागदावर उतरवायचो. ब्रिजटाऊनचं ते पत्रही तसंच. कॅरिबियन समुद्राचा रंग मी पाहिला तो फक्त शीतकाच्या काचेच्या नळीतून, इंजिन थंड करायला आत घेतलेलं समुद्राचं पाणी वाहतंय की नाही ते तपासताना.

"म्हणून मला तो समुद्र तुला खरा दाखवायचा होता," मी म्हटलं. "आणि म्हणून हे फोटो. इतकी वर्षं उसनं दिलं तुला."

कुमुद हसायला लागली. हसताना पोटाला हात लावून वाकली. "अहो, आमच्याही पुस्तकात होती ती कविता. सोलापुरात काय वेगळी पुस्तकं होती? पहिल्याच पत्रात ओळखलं मी. तिसऱ्या कडव्यापासून सुरुवात केली होती तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? दुसऱ्यांचे नवरे साड्या पाठवायचे, घड्याळं पाठवायचे. माझा नवरा कडवी पाठवत होता. दमून भागून, निवडून." मग म्हणाली, "एक मात्र वाटायचं. त्या पत्रांत समुद्र असायचा, आभाळ असायचं, गलबतं असायची. 'तू' फक्त मायन्यात असायची."

मी म्हटलं, कविता तशीच होती, मी काय करणार. ती म्हणाली, "हो ना."

संध्याकाळी सुंदर ढग आले होते. चाळीस फोटो.

बुधवार, १८ जून

फुकेत. जहाज बाहेरच नांगरतं, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. मी सकाळी मुलांबरोबर जाऊन आलो, चुनखडीचे सुळके टिपले. दुपारी परत आलो आणि सहाव्या मजल्यावरच्या त्या फोटोंच्या भिंतीवरून सहज जात होतो. परक्या माणसांचे हसरे चेहरे ओळीने. आणि मध्येच कुमुद.

काळा पडदा, स्टूल, मोतिया साडी. नाकात नथ. नथ बरोबर आणली आहे हेच मला माहीत नव्हतं. हात मांडीवर. एकटी. म्हणजे माझ्या मागे त्या मुलीच्या स्टुडिओत जाऊन बसली होती.

मी तो फोटो काढून घेऊन तरातरा केबिनमध्ये आलो. ती बाल्कनीत होती.

"हे काय? मी तेरा दिवस गळ्यात कॅमेरा घालून फिरतोय, आणि तू बाहेरच्या माणसाकडून काढून घेतेस?"

"तेरा दिवस मी वाट बघितली," ती म्हणाली.

"काढणार होतो ना मी! इतकी घाई काय आहे?"

तिने शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "बसा. दुपारची गोळी घेतलीत?"

"घेतली."

"खरं सांगा."

"घेतली म्हटलं ना."

"मग ऐका. स्वादुपिंडाचं आहे. शास्त्राच्या पुस्तकात होतं ते, आकृतीसकट. मला परीक्षेत कधी आठवायचं नाही ते नेमकं कुठे असतं. आता कळलं." हे सगळं तिने मीठ संपलंय सांगावं तशा आवाजात सांगितलं. "पसरलंय. औषध देतील, पण बरं करायला नाही. दिवाळी बघेन असं म्हणाले."

मी विचारलं, "रूपेशला माहीत आहे?"

"एप्रिलपासून."

"रुचिराला?"

"तीच तर येते दर वेळी."

"चैत्रालीला?"

"थोडं."

"म्हणजे घरात एकट्या मला..."

"तुमच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात. आणि मीच म्हटलं सगळ्यांना, जहाज होऊ दे. रूपेश रोज भांडतो माझ्याशी." तिने माझ्या हातातला फोटो घेतला आणि लांब धरून पाहिला. "भिंतीवर लावायला हवा होता हो एक. ऐन वेळी शोधाशोध नको. निशिगंधासारखं."

मी म्हणालो, "असला फोटो मी काढणार नाही." आणि दार उघडून बाहेर गेलो. कुठे गेलो ते आठवत नाही. जिने उतरत उतरत जिथे 'फक्त कर्मचारी' अशी पाटी आहे तिथवर गेलो होतो. लोखंडी दार गरम होतं. त्याला हात लावून उभा राहिलो. एका अधिकाऱ्याने विचारलं, "सर, आर यू लॉस्ट?" मी मान हलवली, हो अशी.

गुरुवार, १९ जून, सकाळ

ॲसिडिटी. ब्लाउज. कढी. पासबुकं. रूपेशचा मोबाइल. बाकाच्या टोकाला टेकलेला तिचा हात. मागची पानं वाचली. सगळं मीच लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात.

गुरुवार, १९ जून, दुपार

आज दिवसभर नुसता समुद्र. सकाळी आठ वाजता ती शाल घेऊन म्हणाली, "चला, वर जाऊ. कॅमेरा घ्या."

"मी नाही काढणार, सांगितलं ना. त्या मुलीने काढलाय, चांगला आहे."

"चांगला आहे. फार चांगला आहे. नथीचे मोतीसुद्धा मोजता येतात." तिने तो माझ्यासमोर धरला. "पण ह्यात मी कुणाकडे बघतेय?"

"कॅमेऱ्याकडे."

"त्या मुलीकडे. फोटोतलं माणूस ज्याने फोटो काढला त्याच्याकडेच बघत राहतं. मला नेहमी वाटतं तसं. उद्या तुम्ही खोलीतून याल जाल, कढी कराल, कपडे वाळत घालाल, आणि मी भिंतीवरून त्या फिलिपिनो पोरीकडे बघत बसू? चांगली आहे हो बिचारी, पण माझी कोण ती?"

हे कुठल्याच कवितेत नव्हतं. कुठल्याच कवितेत नव्हतं.

वरच्या डेकवर वारा होता. ती कठड्याला पाठ लावून उभी राहिली. नथ नाही घातली. "नथीत मी लग्नाला निघाल्यासारखी दिसते," म्हणाली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

इतक्या दिवसांत त्या चौकटीत मी समुद्राशिवाय काही पाहिलं नव्हतं. आता ती मधोमध. गळ्याची हाडं दिसत होती. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. डोळ्यांत पिवळसर झाक, ती मला कोणी दाखवायची गरज नव्हती, रोज समोर बसून चहा पीत होतो. आणि मी उजेडाची वाट बघत होतो.

चौकट जागेवर राहीना. चालू जहाजावर, हलत्या फळीवर उभं राहून मी पिस्टन उघडले आहेत, कधी हात चुकला नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"क्षितिज तिरकं येतंय."

"येऊ दे तिरकं. ते काय भिंतीवरून पडणार आहे?"

एक काढला. दुसरा काढला. ती शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी होती, दोन्ही हात सरळ. तिसऱ्याला वाऱ्याने माझी टोपी उडाली आणि ती ओरडली, "अहो, टोपी! ऊन लागेल!" तेव्हाच बटण दाबलं गेलं. टोपी मागे खुर्च्यांत अडकली. तिने स्वतः जाऊन आणली, माझ्या डोक्यावर दाबून बसवली आणि पुन्हा कठड्याशी जाऊन उभी राहिली. "हं. काढा आता."

एकूण अकरा काढले. नंतर आम्ही तिथेच बाकावर बसलो. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. इतके लोक येत-जात असताना तिने असं आधी कधी केलं नव्हतं. समुद्र समोर होता. कसा होता ते मी पाहिलं नाही.

रविवार, २२ जून

घरी. रूपेश कालपासून माझ्या आसपास घुटमळत होता. आज स्वयंपाकघरात एकटा सापडला तेव्हा म्हणाला, "बाबा, तुम्हाला सांगायला हवं होतं. आईने शपथ घातली होती." मी म्हटलं, "तिची शपथ कोण मोडणार? मला तरी कधी जमलं?" मग तो ओट्याला टेकून रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, तो सातवीत नापास झाला होता तेव्हासारखा. तेव्हा मी जहाजावर होतो. हात कुमुदने फिरवला असेल.

मंगळवारी साडेनऊला हॉस्पिटल आहे. रुचिराने रजा टाकली होती. मी म्हटलं, "ह्या वेळी मी जातो. कुठल्या मजल्यावर, काय विचारायचं, ते मला लिहून दे." तिने एका कागदावर नीट लिहून दिलं, औषधांच्या नावांसकट. "बाबा, न कळलं तर फोन करा, ऑफिसमध्ये असले तरी घेईन." मी तो कागद तीनदा वाचला. पाठ करायला घेतला आहे.

दुपारी आम्ही अकरा फोटो मोठ्या पडद्यावर बघत बसलो. सहांत डोळे मिटलेले, दोन हललेले. पहिले दोन तिच्या ताठ उभं राहण्याचे. मला त्यांतला दुसरा बरा वाटला, क्षितिजही त्यात जवळजवळ सरळ आहे. कुमुद म्हणाली, "हा नको. तो."

तो म्हणजे टोपीचा. तोंड अर्धं उघडं, केस विस्कटलेले, एक हात पुढे आलेला आणि बोटं चौकटीबाहेर कापली गेलेली.

"ह्यात तू ओरडते आहेस," मी म्हटलं.

"तुमच्यावरच ना?"

"भिंतीवर असा लावतात का कोणी? लोक काय म्हणतील?"

"लोक बाराव्याला येतील, जेवतील आणि जातील. रोज तुम्हाला बघायचाय." मग तिने चैत्रालीला हाक मारली, "चैतू, हा मोठा कर गं. पण हाताला कात्री लावू नकोस. माझाच आहे तो."

"ओके, आज्जी. नो क्रॉप," चैत्राली म्हणाली आणि पटकन बाहेर गेली.

मी कॅमेरा पिशवीत ठेवायला लागलो तर कुमुद म्हणाली, "थांबा. मला द्या."

"तुला कशाला?"

"तुमचा काढते. मला न्यायचाय. मंगळवारी कदाचित ठेवून घेतील म्हणे दोन-चार दिवस. तिथे उशाशी लागेल."

तिने कधी कॅमेरा हातात धरलेला नाही. मी पट्टा तिच्या गळ्यात घातला, बटण दाखवलं. कॅमेऱ्याच्या वजनाने तिची मान किंचित वाकली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, मागे समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे. शर्टाची कॉलर नीट केली.

"कपडे येतायत मागे," मी म्हटलं. "सरकू का?"

"नका सरकू."

"कुठे बघू?"

"इकडे. काचेत नाही, माझ्याकडे."

तिने एक डोळा मिटला. तिला बटण सापडत नव्हतं, बोट दुसऱ्याच कुठल्यातरी चाकावर फिरत होतं. मी पुढे होऊन दाखवणार, तेवढ्यात म्हणाली, "मिळालं. हलू नका हं."

मी हललो नाही.